नंदुरबारचा बाजार आणि त्यामागील हात

परगावचा पाहुणा घरी आला आणि त्याची परतण्याची वेळ झाली म्हणजे तो एक प्रश्न हटकून विचारतो : "तुमच्या गावचे नावाजलेले असे काय? घरी मुलांसाठी काय घेऊन जावे?" पैठणच्या मनुष्यास या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही, तो पैठणीकडे बोट दाखवितो. सावंतवाडीचा लाकडी खेळणी सांगतो, हुपरीचा चांदीचे दागिने सांगतो, आणि कोल्हापूरकर तर पायांतील वहाण पुढे करून मोकळा होतो. हाच प्रश्न आम्ही गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गास विचारला. काही वेळ कोणीच बोलेना. मग मागील बाकावरून एकाने "मिरची!" असे उत्तर दिले आणि वर्गात हशा पिकला. हशा ओसरल्यावर दुसरी वस्तू मात्र कोणासही सांगता आली नाही.

उत्तर देणारा मुलगा चुकला नव्हता. परंतु ज्या जिल्ह्यात सातपुड्याचे डोंगर, तापीचे खोरे आणि नर्मदेचा काठ एकत्र आले आहेत, त्या जिल्ह्याच्या बाजारात नाव घेण्याजोगी वस्तू एकच असावी, हे आमच्या मनास पटेना. म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा आटोपल्यावर आम्ही वर्ग घेऊन बाजारात गेलो, आणि पुढे आणखी दोन-तीन वेळा गेलो. तेथे जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले व ऐकले, ते विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या पुढे येथे ठेवीत आहोत.

बाजारात शिरताना प्रथम एक गोष्ट ध्यानात येते. एकाच धंद्याची दुकाने बहुधा एकमेकांस लागून असतात. सराफाशेजारी सराफ, भांडेवाल्याशेजारी भांडेवाला. व्यवहारात पाहिले तर शेजारी प्रतिस्पर्धी नको असावयास हवा. मग असे का होते? पुण्यात तांबट आळी आणि बुरूड आळी अशी आळ्यांची नावेच धंद्यांवरून पडली आहेत. युरोपातही हीच रीत होती. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात आर्नो नदीवर एक जुना पूल आहे. त्यावरील दुकाने पूर्वी खाटकांची होती. १५९३ साली तेथील राजाच्या हुकुमाने ती हलविण्यात आली व त्या जागी सोनार बसविण्यात आले. आजही त्या पुलावर सोनारांचीच दुकाने आहेत. व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी १२९१ साली काचेच्या सर्व भट्ट्या शहरातून मुरानो बेटावर नेल्या. कारण लाकडी घरांच्या शहरात भट्टीची आग केव्हा पसरेल याचा नेम नव्हता. म्हणजे कोठे राजाज्ञेने, कोठे आगीच्या भयाने धंदे एकत्र आले. परंतु बहुतेक ठिकाणी कारण याहून साधे असते. कच्चा माल एकाच गाडीने येतो, मोडलेले हत्यार शेजाऱ्याकडे उसने मिळते, गिऱ्हाइकास दहा ठिकाणी भाव विचारता येतो, आणि मुलगा बापाचेच नव्हे तर साऱ्या आळीचे काम पाहत पाहत वाढतो. आळी ही त्या धंद्याची शाळाच असते. तिला घंटा मात्र नसते.

नंदुरबार हे असे बाजाराचे गाव फार पूर्वीपासून आहे. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरकडे आणि तेथून आग्र्याकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर व नंदुरबार येथूनच जात असे. सतराव्या शतकात ज्यां बाप्तिस्त ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या रस्त्याने गेला. त्याचे प्रवासवृत्त १६७६ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. हिरेमाणकांच्या या व्यापाऱ्याने नवापुराविषयी काय लिहून ठेवावे? तेथे विणकर पुष्कळ आहेत, पण खरा व्यापार तांदळाचा आहे, असे तो सांगतो. तो तांदूळ दाण्याने बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, आणि वासाला कस्तुरीसारखा. देशातील सरदार मंडळी तोच खातात आणि इराणात कोणास भेट द्यावयाची तर त्याचे पोते नेतात, असा त्याच्या वर्णनाचा सारांश आहे. आज युरोपातील जुनी शहरे व तेथील खास दुकाने पाहण्यास जगातील प्रवासी जातात. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातील एक प्रवासी आपल्या रंगावली नदीकाठी थांबला आणि आपली खास वस्तू त्याने ओळखली. नवापूर तालुक्यात भात आजही पिकतो. पण हा मजकूर वाचून दाखविला तेव्हा नवापूरकडून आलेल्या मुलांस तो सर्वस्वी नवा होता.

आता मिरचीकडे वळू. कारण तिला हसून चालणार नाही. मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचल्यानंतर ती युरोपात आली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज दर्यावर्द्यांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकातील तिखट म्हणजे मिरी. तिच्याच नावावरून या नव्या पाहुणीस मिरची हे नाव मिळाले. पाहुणी अशी रुळली की आज तिच्यावाचून खानदेशी भाजीची कल्पनाच होत नाही.

नंदुरबारच्या मिरचीचे वैशिष्ट्य तिच्या बाजाराच्या रीतीत आहे. येथे शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतो, आणि ती वाळविण्याचे काम व्यापारी करतो. गावाबाहेर मोकळ्या माळावर मिरची पसरतात. त्या जागांस पथारी म्हणतात. थंडीच्या दिवसांत उंचावर उभे राहिले तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. ओल्या मिरचीच्या वजनात बहुतांश पाणीच असते. ते उडून शेकडा दहाच्या आसपास ओल राहिली म्हणजे मिरची टिकाऊ होते. ओल अधिक राहिली तर बुरशी चढते, आणि त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास घातक असे विष तयार होते. म्हणून पथारीवरील मजूर दिवसभर मिरची खालीवर करीत असतात. मार्गशीर्ष-पौषातील कोरडी हवा व स्वच्छ ऊन हीच या धंद्याची खरी यंत्रसामग्री. अशा वेळी अवकाळी पावसाची एक सर आली तर पसरलेल्या मालाची माती होते, व्यापाऱ्याचे नुकसान होते, आणि रोजावर काम करणाऱ्या बायांची रोजी बुडते.

या बाया मिरचीचे देठ खुडतात. त्यांच्याजवळ बसून आमच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट शिकून घेतली. हातांची आग पाण्याने जात नाही, तेल चोळल्याने जाते. शाळेत आम्ही त्याचे कारण सांगितले : मिरचीतील तिखट द्रव्य, ज्यास कॅप्सेसिन म्हणतात, ते पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते, आणि ते बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या गाभ्यास चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात असते. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता त्या बायांस यातील निम्मे ठाऊक होते. उरलेले निम्मे आम्ही सांगितले म्हणून आमचे पांडित्य त्यांच्याहून मोठे ठरत नाही. त्यांनी ते हात पोळून मिळविले आहे.

मिरची पठाराची, तशी आमचूर डोंगराची. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील पाड्यांवर गावठी आंब्याची झाडे विपुल आहेत. चैत्र-वैशाखात कैऱ्या तयार झाल्या म्हणजे घरातील लहानथोर सर्व माणसे कामास लागतात. कैरी उतरावयाची, साल काढावयाची, कोय सोडून गराच्या फोडी करावयाच्या आणि खडकावर, खाटेवर किंवा घराच्या छपरावर त्या वाळवावयाच्या. हे सर्व आम्हांस कोणा पुस्तकाने सांगितले नाही. आमच्या वसतिगृहातील धडगावकडच्या मुलांनी सांगितले. फोड पांढरी राहिली तर भाव चांगला, काळवंडली तर कमी. चिरलेल्या कैरीस हवा लागली की तिच्यातील द्रव्ये रंग बदलू लागतात. फोड लवकर वाळली तर हा बदल थांबतो, ओली राहिली तर वाढत जातो. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस ढग दाटू लागले की पाड्यावर सगळ्यांची धावपळ उडते. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात आंबटपणासाठी चिंच व आमसूल चालते. आमचुरास खरी मागणी उत्तर हिंदुस्थानात. अर्थात डोंगरावर सोललेली कैरी खाली बाजारात येते, येथून पोत्यांत भरून दूर जाते, दळली जाते, डबीत बसते, आणि त्या डबीवर धडगावच्या मुलाचे नाव नसते. आमच्यापैकी एका मुलाने सुट्टीतील कामाविषयी कोणी विचारले तर "काही नाही, घरीच होतो" असे सांगावयाची सवय लावून घेतली होती. त्या "काही नाही" मध्ये दीड महिन्याचे आमचुराचे काम होते.

सराफ बाजारात गेलो तेव्हा मुलांचे डोळे काचेच्या कपाटातील नव्या नाजूक दागिन्यांवर खिळले. आम्ही मात्र दुकानदारास भिल्ल व पावरा स्त्रिया वापरतात ते दागिने दाखविण्याची विनंती केली. त्यांनी आतून गळ्यातील जाड हासळी, दंडातील कडी व पायांतील वाळे आणून समोर ठेविले. वजन हातात घेताच मुले चकित झाली. डोंगरातील शेतकऱ्यास पेढी जवळ नव्हती तेव्हा चांगल्या सालाची शिल्लक अशा चांदीत राहत असे. ती अंगावर मिरविता येई आणि वाईट सालात मोडताही येई. मोडताना मात्र केवळ चांदीचा भाव मिळतो, घडणावळ बुडते. आणि घडणावळीबरोबर आणखी एक गोष्ट बुडते, ती म्हणजे नक्षी. जुना दागिना मुशीत वितळला की तो घडविणाऱ्याच्या हातची वळणे कायमची नाहीशी होतात.

दुकानामागील खोलीत आम्हांस घडाईचे काम पाहावयास मिळाले. मुशीत चांदी वितळवून तिची कांब ओततात. ती ऐरणीवर ठोकून लांबवितात. तार हवी असल्यास जंतरपट्टीच्या एकाहून एक लहान भोकांतून क्रमाने ओढतात. आणि सांधा जुळविताना टाकणखार लावून डाग देतात. ठोकता ठोकता चांदी कठीण होते व पुढे ठोकली तर तडकते. म्हणून मध्येच ती तापवून मऊ करून घ्यावी लागते. केव्हा थांबावे हे कारागीर हातोडीच्या आवाजावरून ओळखतो. आमच्या विद्यार्थ्यांनी दहा ठोके ऐकले. सर्व ठोके त्यांना सारखेच वाटले.

बाजारातून परतताना माणिक चौकात आम्ही सर्व क्षणभर उभे राहिलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती याच गावाच्या रस्त्यावर तिरंगा हाती घेऊन गोळीबारास सामोरे गेले. ती मुले आमच्या वर्गातील मुलांच्याच वयाची होती. बाजार म्हणजे केवळ घेणेदेणे नव्हे, गावाचे सारे आयुष्य याच रस्त्यांवरून चालत आले आहे, हे तेथे वेगळे सांगावे लागले नाही.

येथवर जे पाहिले ते आज बाजारात आहे. पण बाजारातून जवळजवळ नाहीशी झालेली एक वस्तूही सांगितली पाहिजे. कारण तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. खानदेशच्या डोंगरउतारांवर रोशा नावाचे एक सुवासिक गवत वाढते. संस्कृतात त्यास रोहिष म्हणतात. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यास आले म्हणजे कापीत आणि ओढ्याकाठी भट्टी लावून त्याचे तेल काढीत. लोखंडी कढईत गवत व पाणी भरावयाचे, झाकण घट्ट बसवावयाचे, झाकणातून पोकळ बांबूची नळी काढून ती वाहत्या पाण्यात बुडविलेल्या भांड्यात सोडावयाची. वाफ नळीतून जाऊन थंड भांड्यात निवे, आणि पाण्यावर तेलाचा तवंग जमे. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, तळोदे, शहादे या भागांत हा धंदा भरभराटीत होता.

हे तेल मुंबईमार्गे थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत, म्हणजे आजच्या इस्तंबूलपर्यंत जात असे. तेथे त्याचे काय होई? बल्गेरियातील काझान्लक खोऱ्यात गुलाबाचे अत्तर निघते. एक किलो अत्तरास सुमारे तीन ते चार हजार किलो फुले लागतात, तेव्हा ते महाग असणारच. गुलाबाच्या अत्तरातील एक मुख्य द्रव्य जिरेनिऑल हे होय, आणि आपल्या रोशाच्या तेलात तेच द्रव्य विपुल असते. व्यापाऱ्यांस ही युक्ती सापडली. ते रोशाचे तेल उन्हात ठेवून शुद्ध करीत व गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. युरोपातील जी श्रीमंत मंडळी गुलाबाचे म्हणून अत्तर रुमालास लावीत, त्यांतील कित्येकांच्या रुमालास सातपुड्याच्या गवताचा वास होता!

ही हकीकत ऐकून मुलांस मोठी मौज वाटली. परंतु तिचा उत्तरार्ध मौजेचा नाही. तिकडे गुलाबात रोशा मिसळत होते, तसे इकडे रोशाच्या तेलात भुईमुगाचे तेल, टर्पेंटाइन व रॉकेलही मिसळले जाऊ लागले. एकदा मालावरचा विश्वास उडाला की घेणारा प्रत्येक डब्याकडे संशयाने पाहतो व भाव पाडून मागतो. मग प्रामाणिकपणे तेल काढणाऱ्यासही तोच पडलेला भाव मिळतो. पुढे विसाव्या शतकात टर्पेंटाइनपासून जिरेनिऑल कारखान्यात तयार होऊ लागले. हे गवत आजही उगवते आणि इतर प्रांतांत त्याची लागवडही करतात. पण ओढ्याकाठच्या त्या भट्ट्या पूर्वीसारख्या दिसत नाहीत. आमच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलांपैकी दोघांनीच रोशा हे नाव ऐकले होते, आणि तेही आजोबांच्या तोंडून.

कला नाहीशी होते ती अशी. तिचा कोठे निकाल लागत नाही, की कोणी दवंडी पिटीत नाही. एक पिढी ती करते, दुसरी ती पाहते, तिसरी तिचे नाव ऐकते. मग नावही राहत नाही.

आमची शेवटची भेट आठवडे बाजारातील एका टोपल्या विकणाऱ्या आजींकडे झाली. नवापूर, तळोदे, अक्कलकुवा या भागांत आणि शेजारच्या दक्षिण गुजरातेत कोटवाळिया समाजाची माणसे बांबूचे काम पिढ्यान्पिढ्या करीत आली आहेत. टोपल्या, सुपे, कोंबड्या झाकण्याच्या डालग्या, धान्याच्या कणग्या असे त्यांचे नानाविध काम असते. या आजी त्यांपैकीच होत्या. आम्ही एक टोपली उचलली, भाव विचारला, आणि जुन्या सवयीने लगेच तो कमी करून मागितला. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी मुलांकडे पाहिले, शेजारची अर्धवट विणलेली टोपली पुढे सरकविली व म्हणाल्या, "करून बघा. मग भाव करा."

मुले हौसेने बसली. बांबू फार कोवळा नसावा व फार जूनही नसावा. त्याच्या पाठीची हिरवी बाजू चिवट व आतली बाजू ठिसूळ. कामट्या एकसारख्या निघाल्या नाहीत तर वीण बसत नाही. या गोष्टी आजींनी चार शब्दांत सांगितल्या. तळाशी उभ्या कामट्या मांडून एका मुलाने आडवी कामटी गुंफावयास आरंभ केला. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यास घोटाळा झाला. ज्या उभ्या कामटीवरून वीण प्रथम गेली होती तिच्यावरूनच ती पुन्हा गेली, ज्याखालून गेली होती त्याखालूनच पुन्हा गेली, आणि टोपली ढिली पडली. त्याने उलगडून पुन्हा विणले, पुन्हा तेच. गणितात पहिला येणारा तो मुलगा गोंधळून गेला. आम्हांसही क्षणभर कारण सुचेना.

तेव्हा मागे उभा असलेला एक विद्यार्थी काही न बोलता पुढे आला. वर्गात तो क्वचितच तोंड उघडतो. त्याने उभ्या कामट्या मोजल्या. त्या सोळा होत्या. एक बाजूस काढून ठेवून त्याने पंधरा ठेविल्या आणि वीण सुरू केली. आता दुसऱ्या फेऱ्यात वीण आपोआप उलट बसू लागली, आणि टोपली घट्ट होत चालली. एकाच कामटीने विणावयाचे तर उभ्या कामट्या विषम पाहिजेत. सम ठेवावयाच्या तर दोन कामट्या घेऊन विणावे लागते. एक वर, एक खाली असा क्रम विषम संख्येवर फिरला म्हणजे फेरा पुरा होताना उलटतो, समसंख्येवर उलटत नाही. विषम व सम यांचा एवढा सुंदर पाठ आम्ही फळ्यावर कधी दिला नव्हता.

आजींनी त्याच्या बोटांकडे पाहिले व त्यास त्यांच्या बोलीत काही विचारले. त्याने खाली मान घालून उत्तर दिले. परतताना आम्ही त्यास विचारले तेव्हा त्याने सांगितले, की त्याच्या घरी हेच काम चालते. आजी करते, आई करते, आणि सुट्टीत तोही करतो. दोन वर्षे तो आमच्या वर्गात आहे. हे आम्हांस ठाऊक नव्हते. "सांगितले का नाहीस?" या प्रश्नास त्याने उत्तर दिले नाही, आणि ते आमच्या ध्यानात आले म्हणून आम्ही पुन्हा विचारले नाही. ज्या शाळेत आपल्या घरचे काम सांगण्याची मुलास लाज वाटते, त्या शाळेने त्यास पुष्कळ शिकविले असले तरी एक गोष्ट शिकविण्याची राहून गेली आहे, आणि तो दोष मुलाचा नव्हे.

टोपली आम्ही आजींनी सांगितलेल्या किमतीस घेतली. यात आम्ही काही दानधर्म केला असे कोणी समजू नये. बांबू आणणे, तासणे, चिरणे, कामट्या काढणे व विणणे यांत किती प्रहर जातात हे नुकतेच आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. आधी मागितलेल्या कमी भावाची आम्हांस लाज वाटली, इतकेच.

तथापि एका टोपलीने बुरूडकाम तगणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्लॅस्टिकची पाटी स्वस्त मिळते व धुऊन लगेच वापरता येते. बांबूची टोपली तिच्यापुढे टिकावयाची तर आपल्या गुणांवर टिकेल. तिच्यातून हवा खेळते, म्हणून कांदा व ओली मिरची तीत घामेजत नाही. आणि मोडली तर ती मातीत मिसळून जाते. कच्च्या मालाची वाट कायद्याने काहीशी मोकळी केली आहे. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती, त्यामुळे तो तोडण्या-नेण्यावर बंधने होती. वननिवासींच्या हक्कांविषयी २००६ साली जो कायदा झाला त्याने बांबूस गौण वनोपजांत घातले. आणि २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू वृक्षांच्या व्याख्येतून वगळण्यात आला. म्हणजे शेताच्या बांधावर बांबू लावून तो कापण्या-विकण्यास पूर्वीची ती अडचण राहिलेली नाही. ही माहिती ज्यांच्या उपयोगाची आहे अशा पुष्कळ घरी वाचता येणारी व्यक्ती म्हणजे आमचा विद्यार्थीच असतो. तेव्हा त्याने ती घरी सांगावी.

आता विद्यार्थिमित्रांस आमचे एक मागणे आहे. यापुढे बाजारात गेलात म्हणजे निदान एका वस्तूविषयी हे प्रश्न विचारा : ही वस्तू कशाची आहे व तो माल कोठून येतो? ती कोणी केली व कोणत्या हत्यारांनी? ती याच गावी का होते, दुसरीकडे का होत नाही? ती करणाऱ्यास तिच्या किमतीतून काय मिळते? आणि करणाऱ्याच्या घरी पुढे हे काम कोण शिकत आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "कोणी नाही" असे आले, तर त्या दिवशीच वही काढून, ते काम कसे करतात हे बारकाईने लिहून घ्या. रोशाच्या भट्टीविषयी आज आम्हांस माहिती मिळाली ती कोणीतरी वेळीच लिहून ठेवल्यामुळे.

पालकांसही एक विनंती आहे. आपला मुलगा वा मुलगी शिकून शिक्षक, परिचारिका, अधिकारी व्हावी ही आपली इच्छा योग्यच आहे, आणि तीसाठी आम्ही झटत आहोत. परंतु हातातील काम शिकविले तर अभ्यास बुडेल, असे समजून ते मुलांपासून लपवू नका. पंधरा कामट्यांचे गणित ज्यास ठाऊक होते, तो मुलगा त्या दिवसापासून वर्गात प्रश्न विचारू लागला आहे.

पुढील दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येकाने आपल्या गावची एक वस्तू आणावी व तिच्याविषयी दहा ओळी लिहून आणाव्या, असे वर्गाने ठरविले आहे. त्यांतील निवडक मजकूर पुढील अंकात देण्याचा आमचा विचार आहे. त्या संग्रहातील पहिली वस्तू आमच्या टेबलावर आलेलीच आहे. तीत आम्ही खडू व फडके ठेवितो. परवा एक पाहुणे शाळेत आले, त्यांनी ती हाती घेऊन विचारले, "ही कोठे मिळते?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच पाठीमागून कोणीतरी स्पष्ट आवाजात सांगितले, "आमच्याकडे."